एक वाक्य कमी

पाच वर्षं मी रेमीचे श्वास कापत आले.
अकरा मिनिटांच्या भागात कॅप्टन हेरिंग
चाळीसेक वेळा दम घेतो:
धावताना, बुडी मारताना,
खेकड्यांच्या फौजेवर झेप घेण्याआधी.
सगळे माझ्याकडे आहेत, फोल्डरमध्ये, नावं देऊन.
छोटा श्वास. ओला श्वास. सर्दीतला.
पुढचे दोन दात पडले त्या आठवड्यातला,
ज्याच्या मागून 'स' शिट्टीसारखा निसटतो.

मग चॅनेलने चित्रपट मागितला.
चौऱ्याहत्तर मिनिटं, नाताळच्या आदल्या शनिवारी,
खलनायक थोराड, समुद्र जास्त निळा,
आणि पडद्यावरचा पोरगा तसाच, आठ वर्षांचा,
चंदेरी खवल्यांचा सूट, गुडघ्याला तीच पट्टी.
चित्रातल्या मुलाची उंची वाढवायला
तीन जणांच्या सह्या लागतात.

रेमीची कुणालाच न विचारता वाढली.
ऑक्टोबरात डार्टमथच्या फेरीतून उतरून आला,
मनगटं बाहीबाहेर.
माइकचा दांडा मला वीतभर वर सरकवावा लागला.
पहिलंच वाक्य: 'भिऊ नका, भरती माझ्या बाजूची आहे!'
'भरती'वर त्याचा कंठ फुटला.

काचही फुटते, पालवीही फुटते.
ऑलिस्टरला फक्त खळकन ऐकू आलं.
रेमी हसला.
दुसऱ्या वेळी हसला नाही.

नवा आवाज शोधायला ना पैसे होते ना दिवस.
ऑलिस्टर म्हणाला, साठ भाग आहेत तुझ्याकडे,
त्यातूनच शिव.
शिवत बसले. बाहेर हॅलिफॅक्सचं धुकं,
बंदरातला भोंगा दर मिनिटाला
माझ्या कामात नाक खुपसणारा.
तिसऱ्या भागातलं 'चल', एकोणिसाव्यातलं 'वादळ',
बेचाळिसाव्यातलं 'आपण', त्याला खोकला चिकटला होता,
तो संत्र्याच्या सालीसारखा सोलून काढला.
गोधडीसारखी वाक्यं.
जवळून टाके दिसतात, पांघरली की नाही.

अडले बासष्टाव्या मिनिटाला.
तिथे खवले विझतात, पाणी डोक्यावरून जातं,
आणि हेरिंग किनाऱ्यावरच्या माणसांना म्हणतो,
मदत करा.

साठ भाग चाळले.
'मी मदत करतो' दोनशे अकरा वेळा.
'मदत हवीय का?' सीलला, गंजक्या बोटीला,
एकदा तर खलनायकाच्या आईला.
'करा' कुठेच नाही.
नुसतं 'मदत' कापून लावून पाहिलं,
हळू केलं, खाली आणलं, पाण्यात बुडवलं.
देणाऱ्याचा रुबाब काही जाईना त्यातून.

'दोन शब्दांसाठी?' फोनवर रेमीची आई.
दोनच.
तो शाळेतून थेट आला,
हॉकीची बॅग दारात आपटली.
म्हटलं, जमेल तसं म्हण.
थंड पाण्यात उतरण्याआधी पाण्याकडे बघावं
तसं त्याने माइककडे बघितलं.
'मदत' वर चढलं, 'करा' खाली आलं,
मधली पायरी कुणीतरी काढून ठेवलेली.
लाल दिवा जळतच होता, तेवढ्यात तो म्हणाला, 'सॉरी.'

ते कापलं मी.
फेकलं नाही.

ऑलिस्टरने तीनदा ऐकलं.
'लोकांना कळेल,' म्हणाला,
आणि कोट घालून घरी गेला.
त्यालाच मी होकार समजले.

शनिवारी ट्रूरोला बहिणीकडे बघितला.
भाचा टॅव्हिश, पाच वर्षांचा,
बासष्टाव्या मिनिटाला पॉपकॉर्नच्या वाडग्यातच हात विसरला.
'हा खरंच बुडतोय,' म्हणाला.
मग किनाऱ्यावरून होड्या निघाल्या, एकेक करत,
चित्रकारांनी घाईत काढलेल्या, वल्ह्यांची संख्या चुकलेली,
आणि तो पुन्हा खाऊ लागला.

नावांच्या यादीत रेमी कोमो दोन सेकंद.
सोमवारी फोल्डरमध्ये नवा श्वास ठेवला,
'मदत'च्या आधीचा.
त्याला काय म्हणावं सुचेना.
तारीख घातली.